भगण, तगण आणि उरलेली एक

ऐरोलीत, सेक्टर तीनला, आमच्या वरचे भाडेकरू
घर सोडताना कीबोर्ड ठेवून गेले.
तो तांदळाच्या पिंपावर बरोबर बसतो.
वरच्या सप्तकातला म मुका आहे.

भूपेश मढवी दिवे गावातून स्कूटरवर येतो.
रात्रभर कुणाच्या तरी हळदीत बेंजो पार्टीबरोबर वाजवून
डोळे तांबडे, नखांच्या कडा अजून पिवळ्या.
आठवीत माझ्याकडे मराठीला होता.
वृत्तांच्या प्रश्नात दहापैकी दीड.
त्यातला अर्धा मी दिला होता, अक्षर बरं म्हणून.

"बाई, यक घर सोराचा, यक धराचा.
सा धरला, रे सोरला, ग धरला, म सोरला, प धरला.
झाली पयली."

त्याच्या वहीतला प्रत्येक 'घोरा'
मी लाल शाईने खोडला असेल.
आज पेन हातात होतं.
सोरला तसाच लिहून घेतला.

माझ्याकडे सूर म्हणजे शाळेतली प्रार्थनेची पेटी,
एका वेळी एकच बोट, आणि समोर
आठशे मुलं उन्हात डोळे बारीक करून.
तीन बोटं एकदम ठेवायला
अंगठ्याला अजून लाज वाटते.

दुसरी घेतली. रे, म, ध.
तसंच एक आड एक, तरी आवाज
निरोप देऊन परत आलेल्या माणसासारखा.
"असं का रे?"
"काल्या पट्ट्या पन मोजा."
मोजल्या. सा पासून ग चार पावलं, पुढे प तीन.
रे पासून म तीन, पुढे ध चार.
एवढंच.
दोन्ही टोकं जागच्या जागी,
मधलं बोट एक पाऊल अलीकडे उभं.

तो नावं सांगत गेला: सी. डी मायनर. ई मायनर.
मग एफ, जी, परत ए मायनर.
वहीत रोमन आकडे काढले,
थोरलीला मोठे, धाकटीला छोटे.
आता आपल्या बाराखडीत
मोठा क आणि छोटा क कुठून आणायचा?
मी आडव्या रेघा काढल्या आणि चंद्रकोरी,
फळ्यावर अठ्ठावीस वर्षं काढायचे तशा.
सा गुरु. रे लघु, ग लघु.
म गुरु, प गुरु. ध लघु.
बघत राहिले. भगण!
आणि त्याला लागून, काही न मागता, तगण!

मी मोठ्याने म्हटलं असावं.
भूपेश दचकला. "परीक्षा हाय काय बाई?"

सातवीपाशी हात थांबला.
नी पासून रे तीन, रे पासून म तीन.
रेघही बसेना, कोरही बसेना.
"ती बी डिमिनिश. आमी हलदीला लावत नाय.
लावली का नाचनारे येकमेकांकरं बगतात."
दाबून पाहिली. नी आला, रे आला,
म होता त्या जागी पट्टीचा नुसता टक.

वर्गात सांगायचे मी:
पाय मोडलेल्या अक्षराला एकटं उभं राहता येत नाही,
ते पुढच्याला टेकतं.
"ही कुणाला टेकते रे?"
"सा ला. आनकी कोनाला?"

मग नी खाली एक तिरकी रेघ ओढली.
भूपेशने ती पाहिली, वही जवळ घेतली,
पुन्हा पाहिली. "हा," म्हणाला,
"हा आठवतो. पाय मोरका."

खिडकीतून खाडीचा वारा, त्यात सुकट.
त्याने नी आणि रे धरून ठेवले,
आणि मुका म मी गळ्यातून दिला,
बारीक, जरा बेसूर.
त्याची बोटं सा वर गेलीसुद्धा.
मी अजून वरच, म वर.
तो सा धरून थांबला,
मी ग वर उतरेपर्यंत.